कोपऱ्यातला सर्व्हर क्लाउडवर न्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत वडिलांचं सीएनसी मशिनिंगचं वर्कशॉप, पस्तीस माणसं. ऑफिसच्या कोपऱ्यात २०१६ साली घेतलेला टॉवर सर्व्हर, त्यावर टॅली, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि मशीनचे प्रोग्रॅम. यंदा यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या आणि सर्व्हर दोनदा बंद पडला. एक कॉम्प्युटरवाले म्हणतात ‘आयास घ्या’, दुसरे म्हणतात ‘सगळं सॅसवर टाका’. बाबा म्हणतात, आपला डेटा आपल्या डोळ्यांसमोर हवा. ताई, तुम्ही विचारलंय की क्लाउड म्हणजे काय, या प्रकारांत फरक काय, आणि बाबांना काय सांगू.

मी २००३ पासून पुण्यात सर्व्हर सांभाळते. पहिली दहा वर्षं लोकांच्या सर्व्हर रूममध्ये गेली, नंतरची बरीचशी क्लाउडवर. तुमच्यासारख्या वर्कशॉपांचं काम पुष्कळ केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांच्या शंकेपासून सुरू करू, कारण ती रास्त आहे. क्लाउड या शब्दामुळे डेटा हवेत कुठेतरी जातो असं वाटतं. नावामागची गोष्ट साधी आहे. नेटवर्कचा नकाशा काढताना जो भाग आपल्या ताब्यात नाही, म्हणजे टेलिफोन कंपनीचं जाळं किंवा इंटरनेट, तिथे पूर्वीपासून ढगाचं चित्र काढायची पद्धत होती. त्या ढगाच्या आत आज आहेत काँक्रीटच्या इमारती, रॅकमध्ये रचलेले सर्व्हर, अखंड चालणारं कूलिंग आणि डिझेल जनरेटर. मायक्रोसॉफ्ट अझ्युरचं ‘सेंट्रल इंडिया’ नावाचं केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून, गुगल क्लाउडचं मुंबईत २०१७ पासून आणि दिल्लीत २०२१ पासून. यांतलं कुठलं केंद्र घ्यायचं ते तुम्ही ठरवता. सर्व्हर तयार करताना ‘रीजन’ नावाची यादी पुढे येते, तिथे मात्र डोळे उघडे ठेवा, कारण कधी कधी अमेरिकेतलं केंद्र आधीच निवडलेलं असतं आणि घाईत तेच राहून जातं.

अंतराने फरक पडतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद; मधल्या यंत्रणेमुळे थोडा जास्त. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन-येऊन साधारण दोनशे मिलिसेकंद लागतात. ई-मेल वाचताना हे कळतही नाही. पण व्हाउचर टाकताना दर एंटरला स्क्रीन जरा अडखळली की तुमच्या अकाउंटंट दुसऱ्याच दिवशी तक्रार करतील, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल.

आता क्लाउड म्हणजे काय. तुमच्याकडे शाफ्ट टर्न झाले की हार्डनिंगला बाहेर जातात ना? हीट ट्रीटमेंटवाला किलोवर दर लावतो. भट्टी त्याची, तिची देखभाल त्याची, भट्टीचं वीजबिल त्याचं. तुम्ही स्वतःची भट्टी घेत नाही, कारण आठवड्यातून दोन बॅचसाठी ती परवडत नाही. त्याला परवडते, कारण त्याच्या भट्टीत दहा जणांचे जॉब जातात. काम वाढलं तर तुम्ही जास्त माल पाठवता, मंदी आली तर कमी, आणि बिल त्याप्रमाणे बदलतं.

क्लाउड हा संगणकाचा असाच जॉबवर्कचा व्यवहार आहे. डेटा सेंटरमधल्या एका मोठ्या सर्व्हरवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर चालतं. ते त्या एका यंत्राचे प्रोसेसर आणि मेमरी वाटून त्यातून अनेक आभासी संगणक तयार करतं. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, बोलताना नुसतं व्हीएम. प्रत्येक व्हीएमला वाटतं की यंत्र आपलं एकट्याचं आहे. शेजारच्या व्हीएमचा डेटा तिला दिसत नाही.

ही कल्पना जुनी आहे. टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून संगणकाची ताकद विकता येईल, असं जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली एमआयटीतल्या भाषणात सांगितलं होतं. बाजारात ती आज आपण ओळखतो त्या रूपात आली २००६ साली. ॲमेझॉनने मार्चमध्ये फाइल साठवायची एस-थ्री ही सेवा काढली आणि ऑगस्टमध्ये ईसी-टू, म्हणजे तासावर भाड्याने सर्व्हर. सुरुवातीचा दर होता तासाला दहा सेंट. तोवर सर्व्हर हवा म्हणजे कोटेशन, परचेस ऑर्डर आणि कित्येक आठवड्यांची वाट. त्यानंतर कार्डाने पैसे भरून काही मिनिटांत सर्व्हर मिळू लागला.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ साली क्लाउडची जी व्याख्या केली, ती मी आजही वापरते, कारण विकायला आलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न तीत तयार आहेत. कुणाला फोन न करता मला हवं ते स्वतः चालू-बंद करता येतं का? ते नेटवर्कवरून, साध्या लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून वापरता येतं का? साधनं अनेक गिऱ्हाइकांत वाटून दिलेली आहेत का? गरजेप्रमाणे क्षमता पटकन वाढते आणि तितक्याच पटकन कमी होते का? आणि वापर मोजून बिल येतं का? ‘क्षमता वाढवायची तर आमचा माणूस येईल, वर्षभराचे पैसे आधी भरा’ असं उत्तर आलं, तर तो भाड्याचा सर्व्हर आहे. भाड्याचा सर्व्हर वाईट नसतो, पण मग क्लाउडच्या नावाने जास्त पैसे मोजू नका.

आता आयास, पास आणि सॅस. पूर्ण नावं इन्फ्रास्ट्रक्चर, प्लॅटफॉर्म आणि सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस. तिन्हींत फरक एवढाच की कामाची रेघ कुठे मारली आहे: रेघेखालचं त्यांनी बघायचं, वरचं तुम्ही.

आयास म्हणजे थ्री-फेज कनेक्शन आणि मशीनसकट भाड्याने घेतलेला गाळा. इमारत, वीज, कूलिंग, हार्ड डिस्क बिघडली तर बदलणं, हे सगळं त्यांच्याकडे. विंडोज तुमचं, त्याचे अपडेट तुमचे, अँटिव्हायरस, फायरवॉलचे नियम (बाहेरून कुणाला आत येऊ द्यायचं ते), पासवर्ड, बॅकअप, सगळं तुमचं. ऑपरेटर तुमचा आणि बरादा झाडायचं कामही तुमचंच.

पासमध्ये मशीन आणि ऑपरेटर दोन्ही त्यांचे. तुम्ही फक्त प्रोग्रॅम द्यायचा. गुगलने २००८ साली ॲप इंजिन आणलं ते या प्रकारातलं. व्हीएम, विंडोज, अपडेट यांतलं काही तुम्हाला दिसतही नाही. डेटाबेसही असा तयार मिळतो, त्याचा रोजचा बॅकअप आणि पॅचिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणं, तेच बघतात. पास हे मुख्यतः स्वतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे. हिंजवडीत किंवा बाणेरला एखाद्या टीमचं याच्याशिवाय पान हलणार नाही. तुमच्याकडे प्रोग्रॅमर नाही, त्यामुळे तुम्ही यात वेळ घालवू नका.

सॅस म्हणजे बाजारातून घेतलेला तयार नट-बोल्ट. सॉफ्टवेअर तयार, ब्राउझरमध्ये उघडायचं, माणशी महिन्याचे पैसे भरायचे. जीमेल, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहोची पॅकेजं ही सगळी सॅस. अपडेटची कटकट नाही, पण थ्रेड त्यांनी ठरवलेला. तुमच्या पद्धतीचा रिपोर्ट हवा असेल आणि त्यांच्याकडे तो नसेल, तर बहुतेक वेळा तुम्हालाच पद्धत बदलावी लागते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण भोसरी-चाकणमध्ये सर्वांत जास्त गोंधळ तिचाच दिसतो. ‘टॅली ऑन क्लाउड’ म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा सॅस नसतं. कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या विंडोज सर्व्हरवर नेहमीचीच टॅली टाकलेली असते आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या सर्व्हरची स्क्रीन दुरून आपल्या संगणकावर उघडून, त्यात शिरता. सोय चांगली आहे, घरून काम करता येतं. पण त्या विंडोजची राखण कोण करणार, हे करारात स्पष्ट लिहून घेतलेलं नसेल तर कुणीच करत नसतं.

हे मी पाहिलेलं आहे. २०१९ साली चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यातून सोमवारी सकाळी पावणेनऊला फोन आला. टॅली उघडत नाही म्हणाले. मी लॉगिन केलं तर डेटाच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलेलं, आणि डेस्कटॉपवर नोटपॅडची एकच फाइल: पैसे भरा, मग किल्ली देऊ. कुणीतरी आत शिरून सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. सर्व्हर नामांकित क्लाउडवर होता, अगदी व्यवस्थित चालू होता. क्लाउड कंपनीच्या बाजूने काहीही बिघडलं नव्हतं. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं दार, अख्ख्या जगाला उघडं ठेवलेलं होतं आणि पासवर्ड होता कंपनीचं नाव आणि १२३. बॅकअप रोज रात्री होत होता, पण त्याच व्हीएमला जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर, त्यामुळे तोही गेला. शेवटी अकाउंटंटनी पेन ड्राइव्हवर जीएसटीच्या कामासाठी घेतलेली तीन आठवड्यांपूर्वीची कॉपी सापडली. पुढे सहा दिवस चार माणसं डिलिव्हरी चलनांचे गठ्ठे सोडून एकेक एंट्री परत टाकत होती. मालक माझ्याशेजारी बसून सारखं विचारत होते, ‘पण क्लाउडवर होतं ना?’ त्यांना ती रेघ कुणी दाखवलीच नव्हती, आणि आधी विचारायला हवं होतं ते मलाही सुचलं नव्हतं, कारण माझ्याकडे फक्त नेटवर्कचं काम होतं. तेव्हापासून मी कोणत्याही कामाच्या पहिल्या दिवशी कागदावर ती रेघ काढते आणि वरच्या प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव लिहून घेते.

तर बाबांना सांगा, डोळ्यांसमोर असण्याचा त्यांचा हट्ट सोडायची गरज नाही, फक्त काय डोळ्यांसमोर हवं ते बदला. आज डोळ्यांसमोर डबा आहे. त्या डब्यात २०१६ च्या काळातलं विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू असण्याची बरीच शक्यता आहे, आणि त्याचा नियमित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. तोच सर्व्हर जसाच्या तसा उचलून आयासवर ठेवला तर म्हातारपण त्याच्यासोबत जाईल. डोळ्यांसमोर हवी ती बॅकअपची तारीख, लॉगिन कुणाकुणाकडे आहे त्याची यादी आणि महिन्याचं बिल.

बिलाबद्दल. सर्व्हर भाड्याचा असला तरी मीटर कधी फिरतो ते माहीत हवं. महिन्यात साधारण ७३० तास. तुमची टॅली दिवसाला दहा तास, सव्वीस दिवस लागते, म्हणजे २६० तास. बाकी वेळ व्हीएम बंद ठेवली तर तिचं भाडं जवळपास एकतृतीयांशावर येतं. डिस्कचं भाडं मात्र चालू राहतं, कारण डेटा तिथेच असतो. अझ्युरवर आणखी एक मेख आहे. विंडोजमधून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसते, पण तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते आणि मीटर फिरत राहतो. पोर्टलवर जाऊन ‘स्टॉप’ केलं आणि पुढे ‘डीॲलोकेटेड’ दिसलं, तरच थांबतो. एका ठिकाणी दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी अगदी शिस्तीत मशीन शटडाउन केल्या आणि महिनाअखेर बिल पूर्ण आलं. डेटा आत टाकायला सहसा पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत. मोठ्या थ्री-डी मॉडेलच्या फाइली रोज डाउनलोड होणार असतील तर हा आकडा आधी काढा. आणि पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा, ठरलेली रक्कम ओलांडली की बाबांच्या मोबाइलवर मेल जाईल असा.

एसएलए म्हणजे सेवेची हमी, तिचा अर्थही माहीत असू द्या. ९९.९ टक्के ऐकायला भक्कम वाटतं, पण हिशेब केला तर वर्षात पावणेनऊ तास बंद चालतं. त्यापेक्षा जास्त बंद पडलं तर सहसा बिलात थोडी सूट मिळते. तुमचं डिस्पॅच अडलं, त्याची भरपाई मिळत नाही.

आता तुमच्या सर्व्हरवरच्या एकेका गोष्टीबद्दल माझं मत.

सीएनसीचे प्रोग्रॅम क्लाउडवर अवलंबून ठेवू नका. त्यांची कॉपी तिकडे जाऊ दे, पण मशीनला प्रोग्रॅम पुरवणारा संगणक शॉप फ्लोअरवरच हवा. पालिकेने रस्ता खोदला आणि फायबर तुटली तरी स्पिंडल थांबता कामा नये. साधा छोटा पीसी, एसएसडी आणि चांगला यूपीएस पुरे.

ड्रॉइंग्ज आणि इन्स्पेक्शन रिपोर्टसाठी ऑब्जेक्ट स्टोरेज (एस-थ्रीसारखी फाइल साठवायची सेवा) किंवा मायक्रोसॉफ्ट, गुगलची शेअर्ड ड्राइव्ह. एस-थ्री अकरा नऊंच्या टिकाऊपणासाठी बनवलेली आहे, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के. हे डिस्क खराब होण्यापासूनचं संरक्षण आहे. तुमच्याच माणसाने फोल्डर डिलीट केलं तर ते तितक्याच विश्वासाने डिलीट होतं. म्हणून व्हर्जनिंग चालू करा, जुनी प्रत राहते. आणि एक काम तांत्रिक नाही, पण सर्वांत आधी करा: गिऱ्हाइकांसोबतचे गोपनीयतेचे करार काढून वाचा. काही वाहन कंपन्या आपली ड्रॉइंग्ज बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला लेखी परवानगी मागतात.

ई-मेल, हजेरी, पगारपत्रक सरळ सॅस. यात विचार करण्यासारखं काही नाही.

टॅलीचा निर्णय सावकाश घ्या. घरून किंवा सीएंच्या ऑफिसातून वापरायची खरी गरज असेल तर पुणे किंवा मुंबई केंद्रात एक छोटी व्हीएम घ्या, नव्या विंडोजवर, आणि आत शिरायला व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्या माणसांसाठीचा कुलूपबंद खासगी रस्ता. ३३८९ उघडं नको म्हणजे नकोच. गरज नसेल तर नवा पीसी ऑफिसात ठेवा आणि रोजचा बॅकअप क्लाउडवर पाठवा. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणं कंपनी नियमांत २०२२ पासून बंधनकारकच आहे. तुमच्या सीएंना विचारून खात्री करा.

बॅकअपची एक प्रत नेहमी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या लॉगिनखाली हवी. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला.

पब्लिक, प्रायव्हेट, हायब्रिड हेही शब्द तुमच्या कानावर येतील. पब्लिक म्हणजे सगळ्यांना भाड्याने मिळणारा क्लाउड, प्रायव्हेट म्हणजे एकाच संस्थेपुरता, आणि वर सांगितलेली मांडणी, थोडं शॉप फ्लोअरवर थोडं क्लाउडवर, ती ढोबळमानाने हायब्रिड. एनआयएसटीच्या व्याख्येत चौथा कम्युनिटी क्लाउडही आहे, समान गरजा असलेल्या संस्थांनी मिळून वापरायचा. तुम्हाला तो लागणार नाही.

आणखी एकच गोष्ट, आणि ती मी हात जोडून सांगते. क्लाउडचं खातं कंपनीच्या ई-मेलवर आणि कंपनीच्या कार्डवर उघडा. कॉम्प्युटरवाले भले माणूस असतील, तरी ‘मी माझ्या आयडीवरून करून देतो’ याला नाही म्हणा. हडपसरच्या एका फर्मचा सगळा डेटा अशाच एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात होता. तो नोकरीसाठी परदेशी गेला, नंबर बदलला, कार्डाची मुदत संपली. खातं बंद होण्याच्या सूचना त्याच्या जुन्या मेलबॉक्समध्ये साचत राहिल्या. त्याला शोधून काढायला आम्हाला अकरा दिवस लागले. मुख्य लॉगिनला दुहेरी पडताळणी लावा, तिचा फोन बाबांकडे ठेवा, आणि फोन हरवला तर आत शिरायला लागणारे रिकव्हरी कोड छापून बँकेच्या कागदांसोबत कपाटात.

सुरुवात यातल्या कशानेही करू नका. येत्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, वीज असेल तेव्हा, एखादा रिकामा लॅपटॉप घ्या आणि तुमचा आजचा बॅकअप त्यावर रिस्टोअर करून टॅली उघडा. मार्चचं ट्रायल बॅलन्स जुळतं का बघा, एक ड्रॉइंग उघडा. किती वेळ लागला आणि काय उघडलं नाही, ते दोन्ही कागदावर लिहून मला कळवा. त्या कागदावरून ठरवू की आधी काय हलवायचं.